इमाच्या हातची हिब्रू

इस्राएलमधल्या किर्यात मलाखीत आम्ही राहायला आलो तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, इथल्या डॉक्टरांनीही टेकले, फक्त हिब्रूत. माझं रडणं मी ठाण्यातच उरकून आले होते, त्यामुळे इथे आल्यावर माझं भांडण पोरीच्या डोळ्यांशी राहिलंच नव्हतं. ते होतं हिब्रूशी.

नव्या माणसांना भाषा शिकवायचा सरकारी वर्ग असतो, त्याला उल्पान म्हणतात. तिथे पाच महिने बसून मी दुकानांच्या पाट्या वाचायला शिकले, त्याही निम्म्या चुकीच्या. एक तर ती भाषा उजवीकडून डावीकडे चालते. त्यात मोठ्यांच्या लिखाणात काना-मात्रा घालायची रीत नाही, ज्याने त्याने अंदाजाने वाचून घ्यायचं. एवढी चिकट माणसं मी पाहिली नव्हती. शब्द लिहितात आणि स्वर घरी ठेवतात! मी वर्ग सोडला आणि कॅनिंगच्या कारखान्यात टोमॅटो निवडायला लागले. तिथे निम्म्या बायका आपल्याच, महाराष्ट्रातून आलेल्या ज्यू होत्या, मराठीवर भागत होतं.

मुलीला गावातल्या साध्या शाळेने पहिलीत घेतलं. दर मंगळवारी शिक्षणखात्याचे एक फिरते मास्तर तिच्यासाठी तेल अविवहून बसने येत. ते स्वतः आंधळे होते. पांढरी काठी टेकत जिना चढत आणि चढता चढता आज आमच्याकडे काय शिजतंय ते सांगत. शाळेनंतर ते चहाला थांबायचे. एकदा असेच बसले असताना, हवापाण्याचा विषय काढावा तसं सहज म्हणाले, "गवेरेत," म्हणजे बाई, "ब्रेलमधली हिब्रू डावीकडून उजवीकडे वाचतात, ठाऊक आहे ना?"

मी चहाची किटली खाली ठेवली. "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. वर हेही सांगितलं की, लहान मुलांच्या ब्रेलमध्ये प्रत्येक स्वर वेगळा लिहितात, त्याला ठिपक्यांचं स्वतःचं घर असतं. म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि काना-मात्रेसकट! ही तर आपल्यातलीच निघाली. दोन महिन्यांत मी मुलीची पुस्तकं वाचायला लागले, ती बोटांनी आणि मी डोळ्यांनी. कारखान्यातल्या बायका म्हणत, आंधळ्यांची भाषा येते आणि डोळसांची येत नाही, असं हिचं सगळंच उफराटं. मी म्हणे, उफराटं तर उफराटं, वाचता येतंय ना!

लिहिणं मात्र अवघड होतं. दोन पत्र्यांच्या मध्ये जाड कागद धरायचा आणि टोच्याने एकेक ठिपका दाबायचा. ठिपका उठतो कागदाच्या मागच्या अंगाला, म्हणून लिहिताना उजवीकडून सुरुवात करायची, अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी काढायची, मग कागद पालटून डावीकडून वाचायचं. मी पहिलं पान मराठीसारखं लिहून मोठ्या ऐटीत मुलीच्या हाती दिलं. तिने बोटं फिरवली आणि पोट धरून हसली. सगळ्या 'ह'चे 'य' झाले होते आणि 'य'चे 'ह'. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. लिहायचं हिब्रूसारखं, वाचायचं मराठीसारखं. सासरची रीत पाळून माहेरी यायचं, एवढंच.

मुलगी दुसरी पास झाली आणि खात्याच्या इन्स्पेक्टरबाई घरी आल्या. बाई सरळ होत्या, त्यांनी गोल गोल बोलणं केलं नाही. तिसरीची पुस्तकं ब्रेलमध्ये तयार नव्हती. देशभरातून मागणी, करणारे हात थोडे, शाळा उघडेपर्यंत मिळायची नाहीत. पुस्तकांवाचून मुलगी वर्गात नुसती बसून राहणार. त्यापेक्षा तिला लांबच्या निवासी शाळेत पाठवावं, तिथे सगळं आहे. ती शाळा मी पाहिली होती. खोटं कशाला बोलू, चांगली होती. स्वच्छ पलंग, पियानो, प्रेमळ बाया. मुलगी दर पंधरा दिवसांनी शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या सुट्टीला, घरी आली असती. पण माझी पोर आठ वर्षांची होती, आणि अजून माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपत होती.

"पुस्तकं मी करते," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे, मग माझ्या हिब्रूकडे पाहिलं. हो, तिच्याकडेही पाहता येतं. मग म्हणाल्या, "वाचनाचं आणि गणिताचं, दोन पुस्तकं. सुट्टी संपायच्या आत आणा, मास्तर तपासतील. चालण्याजोगी असली तर मुलगी इथेच राहील. नसली तर मात्र माझा नाइलाज आहे."

मी कारखान्यातून दोन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. एक डोळा पुस्तकावर आणि एक पत्र्यावर ठेवून दिवसाला जेमतेम पान व्हायचं. म्हणून आमचे हे पहिली पाळी संपवून तीन वाजता आले की जेवून वाचायला बसत. ते वाचत, मी टोचत. मुलांच्या पुस्तकात स्वर छापलेले असतात, त्यामुळे त्यांना वाचता येई. पण त्यांची सगळी हिब्रू सिनागॉगमधली, प्रार्थनेच्या पुस्तकातली. ससा-कासवाची गोष्टसुद्धा ते प्रार्थनेच्या चालीवर म्हणत. "अहो, सरळ वाचा," मी ओरडायची. "अगो, सरळच वाचतो, तू टोच," ते म्हणायचे, आणि कासव पुन्हा सुरात चालायला लागायचं.

दुपारी दोन ते चार आमच्या बिल्डिंगमध्ये झोपेची वेळ. वरच्या मजल्यावरची मोरोक्कन बाई तिसऱ्याच दिवशी टकटकीबद्दल भांडायला खाली आली. तिने पानं पाहिली, मुलीला पाहिलं आणि वर गेली. थोड्या वेळाने एक जुनी घोंगडी घेऊन आली, तिची चौघडी घातली आणि माझ्या पत्र्याखाली सारली. नंतर सुट्टीभर ती घोंगडी आमच्याच टेबलावर होती.

पान झालं की मुलगी त्यावर बोटं फिरवायची. मी श्वास धरून उभी. ती म्हणायची, "बेसेदर, इमा." म्हणजे ठीक आहे, आई. प्रत्येक पानाला बेसेदर. मी फुगून टम्म झाले. म्हटलं, उल्पानवाल्यांना बोलावून दाखवावं.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही बाडं पिशव्यांत भरून मी मुलीला घेऊन तेल अविवला इन्स्पेक्टरबाईंच्या ऑफिसात गेले. मास्तर आधीच येऊन बसले होते. गणिताचं बाड त्यांनी वाचलं आणि मान डोलावली. वाचनाचं उघडलं. थोड्या वेळाने त्यांची बोटं थांबली, मागे गेली, पुन्हा तिथेच थांबली.

"गवेरेत," ते म्हणाले, "इथे लिहिलंय, त्या सकाळी बाहेर फार उशी होती."

हिब्रूत थंडीलाही 'कार' म्हणतात आणि उशीलाही. कानाला दोन्ही सारखे, पण लिहिताना 'क' वेगवेगळे. त्या भाषेत दोन 'क' आहेत, दोन 'त' आहेत, दोन 'स' आहेत. आपल्याकडे 'श' आणि 'ष' पोरांना रडवतात, इथे सगळं जोडीने. आणि मी तर सगळं पुस्तक कानाने लिहिलं होतं! मास्तर वाचत गेले आणि चुका मिळत गेल्या. प्रत्येक पानावर, काही ओळींत दोन-दोन. ते हसत नव्हते, म्हणून मला जास्त भीती वाटली.

इन्स्पेक्टरबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही किती कष्ट घेतलेत ते दिसतंय. पण यावरून शिकली तर मुलगी जन्मभर चुकीचं लिहील."

खरंच होतं ते. डोळ्यांपुढे ते स्वच्छ पलंग आले.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मी चुकीचं नाही लिहीत."

बाईंनी तिच्यापुढे पत्रा आणि कागद ठेवला. पुस्तकातलीच सहा वाक्यं सांगितली, मुद्दाम माझ्या चुका असलेली. मुलीने भराभरा टोचली. मास्तरांनी कागद पालटून बोटं फिरवली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"एकही चूक नाही," ते म्हणाले. "थंडी थंडीच आहे."

"तुला बरोबर कसं येतं?" बाईंनी विचारलं.

"मास्तरांनी शिकवलंय. आणि इमाचं पुस्तक वाचताना प्रत्येक ओळ मनात दुरुस्त करावी लागते. सगळं पुस्तक दोनदा वाचलं मी."

"मग तुला चुका कळत होत्या! इमाला सांगितल्या का नाहीस?"

मुलगी म्हणाली, "सांगितलं असतं तर ती ते पान टाकून पुन्हा लिहीत बसली असती. मग पुस्तक संपलं नसतं. आणि मला जावं लागलं असतं."

त्या दिवशीची हिब्रू मला शब्दन् शब्द कळली. मी भर ऑफिसात तिला पोटाशी धरून ढसाढसा रडले. इन्स्पेक्टरबाईंनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि मुलगी गावातल्याच शाळेत राहील अशा कागदावर सही केली. मास्तर म्हणाले, दर मंगळवारी येऊन तुमची पानं मी तपासत जाईन, इतर आयांनाही हे शिकवायला हवं. पुढच्या वर्षी खात्याने खरोखरच आयांचा तसा वर्ग काढला. तिथे दोन 'क'वर सर्वांत जास्त रडले ती मीच.

परतीच्या बसमध्ये जरा सावरल्यावर मी मुलीला विचारलं, "बाय, किती चुका होत्या गं?"

एरवी मी मराठीत बोलले तरी ती हिब्रूतच उत्तर द्यायची. त्या दिवशी माझ्या खांद्यावर डोकं टेकून मराठीत म्हणाली, "पुष्कळ. घरी गेल्यावर सगळ्या सांगते. आता वेळ आहे आपल्याकडे."