मुलीच्या जेवणाचं धावतं वर्णन

आमची मुलगी चार वर्षांची झाली तरी एका वेळी एकच शब्द बोलायची. तिची वाढ सावकाश होणार, हे इथे इस्राएलमध्ये, अश्दोदच्या दवाखान्यात आम्हाला आधीच सांगितलं होतं. त्या सावकाशीला मी स्वतः हातभार लावत होतो, हे मात्र बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी दाखवून दिलं. त्यांनी मला मुलीबरोबर खेळायला बसवलं. मी एकेक खेळणं उचलून विचारत गेलो, "हे काय? आणि हे? काल सांगितलं होतं ना?" मुलगी टेबलाखाली जाऊन बसली.

"तुम्ही बंदरावर कस्टममध्ये आहात का?" बाईंनी विचारलं.

"नाही, क्रेन चालवतो."

"मग पोरीची झडती कशाला घेता? प्रश्न बंद. ती जे बघते, जे करते, ते छोट्या वाक्यांत बोला. तुमच्या घरच्या भाषेत. मग थांबा. तिनं दोन शब्द जोडले की मला कळवा."

दिवसभर क्रेनच्या खोपट्यात एकटा बसणारा माणूस मी, बोलणार काय? अस्खलित अशी मला एकच गोष्ट यायची : ठाण्यात लहानपणी रेडिओला कान लावून पाठ झालेली क्रिकेटची कॉमेंट्री. त्या संध्याकाळी जेवताना मी सुरू झालो. "चमचा हातात. डाळभाताकडे निघाला. मोठा घास, तोंडाजवळ, अगदी जवळ... आणि भात खाली! आऊट!"

मुलगी खदखदून हसली आणि दुसरा घास तिनं मुद्दाम पाडला.

"अहो, पोर जेवतेय," बायको म्हणाली. "टेस्ट मॅच नाही चालली."

आतल्या खोलीतून माझी आई ओरडली, "त्या रेडिओचं बटण पिरगळा रे कुणीतरी!"

हळूहळू घरात जे पडेल, सांडेल, मोडेल ते सगळं 'आऊट' झालं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ सुरू होताना मी द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हणताना दोन थेंब सांडले, तरी समोरून "आऊट!" पण शब्द एकच. त्याला जोड मिळेना.

बाईंनी माझी कॉमेंट्री ऐकून घेतली. "छान. पण तिची पाळी कधी येते?"

मी ओशाळलो. आधी विचारून विचारून पोरीला गप्प केलं होतं, आता बोलून बोलून करत होतो. 'थांबा' हा त्यांचा शब्द मी सोयीनं विसरलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांना सांगितलं की क्रिकेटमध्ये ओव्हर संपली की दुसऱ्या टोकाकडून खेळ सुरू होतो. बाईंना क्रिकेटचं काही कळत नव्हतं. "मग टोक बदला," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी दोन वाक्यं बोलायचो, तोंड मिटायचो आणि तिच्याकडे बघत बसायचो. डाळ थंड व्हायची. आई बायकोला विचारायची, "आता याची वाचा गेली काय?"

अशाच एका शुक्रवारी सकाळी आपल्या लोकांची, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंची, मॅच होती. मी खेळायला उतरलो आणि पहिल्याच चेंडूवर माझा मधला स्टंप आडवा झाला.

अंपायर माझा मेव्हणा. "भावजी, चला."

"नो बॉल होता! तुझे डोळे कुठे होते?"

"स्टंप झोपलाय, भावजी."

"झोपू दे! मी नाही जात!"

दोन्हीकडचे धावून आले, भरपूर भांडले आणि दम खायला क्षणभर थांबले. तेवढ्यात कडेला बायकोच्या मांडीवर बसलेली आमची मुलगी स्पष्ट म्हणाली,

"अब्बा आऊट."

इथली पोरं बापाला अब्बा म्हणतात. दोन शब्द. जोडलेले. मी बॅट टाकली आणि पॅडसकट तिच्याकडे धावत सुटलो.

"बघा!" मागून मेव्हणा ओरडला. "पोरीचं ऐकलं, अंपायरचं नाही!"

बायको रडत होती. "काय म्हणालीस? अब्बा काय? पुन्हा म्हण ना!"

"विचारू नको," मी म्हणालो. "थांब."

आम्ही थांबलो. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, आडव्या स्टंपकडे पाहिलं आणि एक बोट वर करून, या वेळी जरा जोरात, तोच निकाल पुन्हा दिला.