दोरीचा वाटा
काल शेजाऱ्यांनी होडीची ओली दोरी कुंपणावर वाळत टाकली आणि त्या खारट वासाबरोबर मला कुणकेश्वरची ती सकाळ आठवली. देवदर्शन करून आम्ही वाळूत उतरलो, तर रापण ओढणं चाललं होतं. जाळं समुद्रात अर्धगोल पसरलेलं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि रीत अशी की दोरीला हात लावील त्याला माशांचा वाटा. इतक्यात पोहायला उतरलेला एक पोट सुटलेला पाहुणा पाण्याच्या ओढीत सापडून आत आत जाऊ लागला. रापणीच्या म्होरक्याने कोयत्याने एका बाजूची दोरी तोडली आणि किनाऱ्याकडचा तुकडा स्वतःच्या कमरेला बांधला. "मासो जातलो रे," कोणीतरी ओरडलं. "जांव दे. मी हात वर केलंय काय ओढा," म्हणत तो लाटेत घुसलासुद्धा. त्याचा हात वर दिसताच पुजारी, चहावाला, भाविक, मी, सगळेच दोरीवर तुटून पडलो. साडी भिजली, तळवे सोलवटले, पण कोणी सोडेना. अखेर दोघेही वाळूवर आले, पाहुण्याने दोरी दोन्ही मुठींत आवळून धरलेली. मग उरलेल्या एका दोरीने जाळं ओढलं, त्यात टोपलीभरही बांगडे नव्हते. म्होरक्याने तेच एकेक सगळ्यांना वाटले आणि शेवटचा कुडकुडणाऱ्या पाहुण्याच्या हातावर ठेवला. "घेवा. तुमीय दोरी धरल्यात मां?" स्वतः मात्र तो रिकाम्या हातांनी तोडलेली दोरी सांधायला बसला. काल तो वास आला आणि माझ्या मुठी आपोआप वळल्या.