शाळेची घंटा, घरची आरती

आमची लेक अमेरिकेतल्या बोर्डिंग शाळेत होती. ती शाळा अमेरिकेपेक्षाही जुनी, असं मी आमच्या क्वेकर्स हिल उपनगरभर सांगत फिरायचो. शाळा सोडताना प्रत्येकाने तिथली पितळी घंटा वाजवायची, ही प्रथा. कोविडमुळे लेक घरी परतली आणि घंटा हुकणार म्हणून हिरमुसली.

मी म्हटलं, "देवघरातली आहे की."

निरोपसमारंभ ऑनलाइन झाला. लेकीने घंटा वाजवताच बायको सवयीने स्वयंपाकघरातून आरती म्हणत, टाळ्या वाजवत आली.

"आई, प्लीज, कॅमेरा चालू आहे."

तोवर हेडमास्तर उठून टाळ्यांचा ठेका धरू लागले होते. मागोमाग अख्खा वर्ग उभा राहिला. आवाज पलीकडच्या पेंडल हिल उपनगरापर्यंत गेला असणार. त्या शाळेत अशी घंटा आजवर फक्त माझ्याच लेकीने वाजवली आहे.