मुतलकसाठी न प्यायलेली कॉफी

आमचा मुतलक माझा धाकटा भाऊ, दिसायला बरा, पण अक्कल सगळी माझ्या वाट्याला आली. आमच्या ह्या वाळवंटात, अख्ख्या वादी रममध्ये, माझ्यासारखी जीप कुणी चालवत नाही. त्याला मीच शिकवलं, म्हणजे दुसरा नंबर त्याचा. घरात हा तोंड उघडत नाही. परदेशी पाहुणे गाडीत बसले की मात्र इंग्रजीत असा सुटतो, की बकऱ्यासुद्धा वळून बघतात.

रोज संध्याकाळी पाहुण्यांना म्हातारीच्या दातापाशी न्यायचं, हा त्याचा धंदा. वाळूतून एकच लाल सुळका वर आलाय, मुळाशी बारीक, वर जाड. त्याच्यामागं सूर्य बुडतो. बुडणार नाही तर काय करणार? पण ते बघायला लोक विमानानं येतात. येऊ देत बिचारे.

मुतलकला हाज फर्राजची लेक नौफ हवी होती. नौफलाही हाच हवा होता. म्हातारा तेवढा अडून बसलेला. "सूर्य दाखवून पोट भरणाऱ्याला पोरगी देऊ? सूर्य काय त्याच्या बापाचा?"

मी म्हटलं, "हाज, एकदा येऊन तर बघा, पोराला केवढा मान आहे." फुकट गाडी म्हटल्यावर थेरडा लगेच तयार.

त्या दिवशी डेन्मार्कची एक बाई होती, बिर्गिट. साठीची, गुडघ्यापर्यंतची चड्डी घातलेली. मुतलक वाटभर तिच्याशी बोलत होता. मागं फर्राज आणि मी. म्हाताऱ्याला इंग्रजीचं ओ का ठो कळत नाही, तरी मान डोलवत होता. मला कळतं, पण इंजिनाचा आवाज फार होता.

दातापाशी आणखी तीन गाड्या होत्या, सगळी आमचीच माणसं. मी कॉफी केली. फर्राजनं हुंगली. "ही कॉफी की उंटाचं मूत? सरक!" मग स्वतः दाणे भाजले, कुटले, वेलची टाकली आणि स्वतःच ओतायला उठला. झालं, ओतेल तो यजमान.

मी तीन पेले रिचवले. बिर्गिटबाईनं तिचा उचलला आणि भरलेलाच वाळूवर ठेवला.

सगळे त्या पेल्याकडे बघायला लागले. आमच्यात पाहुण्यानं पेला असा ठेवला की त्याचं काही मागणं असतं. यजमान 'पी, दिलं' म्हणेपर्यंत तो पीत नाही. न पिता उठला तर यजमानाची अब्रू गेली.

फर्राजच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पी बाई. जे मागायला आलीस, ते दिलं."

मी मुतलकला कोपर मारलं. "सांग, नौफला मागायला आलीय!"

"खोटं बोलू?"

"खोटं कसलं गाढवा, तुझं लग्न आहे!"

पण आमचं गाढव सरळ. म्हणालं, "काका, तिला चटका बसला, एवढंच. तिला रीत ठाऊक नाही." तिन्ही गाड्यांची माणसं खदाखदा हसली. म्हातारा सुळक्यापेक्षा लाल झाला. मी कपाळावर हात मारला. दारात आलेली नवरी ह्यानं परत पाठवली!

हसता का, म्हणून बाईनं विचारलं. मुतलकनं तिलाही सगळं खरं सांगितलं. पेला आता पिण्याजोगा झाला होता. तिनं तो दोन्ही हातांनी फर्राजकडे सरकवला आणि काहीतरी बोलली. मुतलकचे कान तापले.

"काय म्हणते?" फर्राज ओरडला.

हा वाळू उकरत बसला. मग मीच सांगितलं, "म्हणते, आता रीत कळली. नौफ ह्या पोराला द्या, मग पिते." म्हणजे वाटभर हा तिच्यापुढं नौफचंच रडगाणं गात होता!

"ह्या बढाईखोरावर माझा भरवसा नाही," फर्राज मुतलककडे वळला. "तू सांग. असंच म्हणाली?"

"असंच म्हणाली, काका."

म्हाताऱ्यानं गार कॉफी वाळूत ओतली. ताजी भरली. "पी. दिली. पण माझ्या दारात मागणी घालायला रीतसर चार पुरुष येऊ देत, आणि ही आली तर हिला लांब झगा घाला."

कडू घोटानं बाईनं तोंड वेडंवाकडं केलं, पण थेंब ठेवला नाही. वादी रममध्ये आजवर कुणाच्या मागणीला डेन्मार्कहून माणूस आलंय? विचारून बघा. फक्त आमच्या घराला.