पितळी गाइडमधला व्हॉल्व्ह

शेजाऱ्यानं सायकलची चेन रॉकेलात भिजत घातली आणि वास माझ्या घरात आला. असाच वास एके दिवशी आमच्या बालाघाटच्या ओसरीवर होता. आमचे मालक खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. उजवा हात मोडला होता. प्लास्टर निघालं तरी बोटं नीट वळत नव्हती, आणि फिटरची बोटं वळली नाहीत तर नोकरी जाणार होती. अशात ते वीतभर इंजिन करायला बसले. व्हॉल्व्हची दांडी पितळी गाइडमध्ये, म्हणजे तिच्या मापाच्या नळीत घालायची, अडकली की काढून पॉलिश कागदानं घासायची, हेच त्या दिवशी सकाळपासून चाललं होतं.

“नोकरी चालली अन् तुमी खेळणं करून राह्यले? द्या इकडं, मी घासते.”

“हात नको लावू. मलेच करू दे.”

दुपारी दांडी आपल्याच वजनानं खाली सरकली, आणि हलवून पाहिली तरी डुगडुगली नाही. मग त्यांनी खरखरीत पेस्ट लावून व्हॉल्व्हचं तोंड त्याच्या भोकावर घासून घट्ट बसवलं आणि वरून रॉकेल ओतलं.

“मिट्टीचं तेल काहून सांडून राह्यले?”

“खालून पाह्य. थेंब पडला काय?”

मी खाली तळहात धरला. कोरडाच राहिला. “नाही.”

त्यांनी बोटं मिटून उघडली. “मंग साहेबाले सांगतो, उद्यापासून येतो.”

ते इंजिन त्यांनी पुढं पुरं केलंच नाही. मला वाटलं, अर्धवट काम टाकणारा माणूस. आता कळतं, इंजिन त्यांना नकोच होतं. हात पाहायचा होता, तो पाहून झाला.