पेंटरभाऊंना जे सांगता येत नव्हतं

वाघ माझ्या पाठीमागे उभा होता, हे मला फार उशिरा कळलं.

ज्यांनी तो पाहिला, त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

माझे मिस्टर. तुम्हा सगळ्यांचे पेंटरभाऊ.

चामोर्शीपासून वडशापर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे त्यांनी रंगवले. राजवाडा, देऊळ, गल्ली. रंग कालवून द्यायचं काम माझं.
पण जंगलाचा पडदा म्हणजे त्यांचा हातखंडा. तो उघडला की नट यायच्या आधीच टाळ्या पडायच्या.

एका उन्हाळ्यात आम्ही दोघं सकाळीच मोहफुलं वेचायला गेलो. मी वाकून वेचत होते. हे समोरच्या झाडाखाली होते.

मी मान वर केली तर यांची टोपली खाली पडलेली. फुलं पायाशी सांडलेली. हे नुसते उभे.

"काय झालं जी?"

"काई नाई. चाल घरी."

माझं मनगट धरलं ते गावात शिरल्यावरही सोडलं नाही. लोक पाहत होते, मला लाज वाटली.

त्यानंतर यांनी जंगलाचा पडदा घेणं बंद केलं.

नाटक कंपनीचे मॅनेजर घरी यायचे. "भाऊ, जंगल पाहिजे."
"राजवाडा सांग. जंगल नाई जमत आता."

सगळ्यांना वाटलं, भाऊ भाव खायला लागले. मलाही तसंच वाटलं.

मग लकवा आला. उजवी बाजू गेली.
हात गेला आणि शब्दही गेले. मनात एक असायचं, तोंडातून दुसरंच यायचं. पाणी पाहिजे असलं तर "खिडकी" म्हणायचे. मग स्वतःवरच चिडायचे.

डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा.

एका दुपारी यांनी डाव्या हातानं कोपऱ्यातल्या कोऱ्या कापडाकडे बोट केलं.

"जंगल."

शब्द एकदम बरोबर! मी इतकी खुश झाले की लगेच कापड ताणलं, डबे उघडले.
"सांगा जी. तुम्ही सांगा, मी काढते."

"हिरवं?"
"नाई."
"काळं?"
"नाई."
"मंग कसं?"

कपाळावर घाम. ओठ हलताहेत, काही येत नाही. मग कसंबसं म्हणाले, "आवाज... आवाज नाई."

आता आवाज नसलेलं जंगल कसं काढायचं? मी विचारलं, "पाखरं गप आहेत, असं?"

हे रडायला लागले. "हो. हो."

आधी खडूनं आखलेली फांद्यांवरची पाखरं मी पुसून टाकली.

असं कितीतरी दिवस चाललं. एखाद्या दिवशी एक शब्द मिळायचा, एखाद्या दिवशी तोही नाही. सांगताना यांचा चांगला हात खाटेची कड घट्ट धरायचा. त्या हाताकडे पाहून मला भीती वाटायला लागली. यांच्या डोळ्यांसमोर काय आहे, मला माहीत नव्हतं, आणि ते माझ्याच हातानं कापडावर येत होतं.

"राहू द्या जी. नका सांगू."

"नाई. सांगतो. मेलो तं... आतच राह्यते."

मग एक दिवस म्हणाले, "बाई."
"कोनती बाई?"
"वाकून."

मी वाकलेली बाई काढली. विचारलं, "लुगडं कोनत्या रंगाचं?"

"पिवळं."

माझा ब्रश थांबला.
मोहफुलं वेचायला गेलो त्या दिवशी मी पिवळं नेसले होते.

"मांगं," हे म्हणाले. "मांगं..."

घरात बसले होते, बाहेर ऊन होतं, दार उघडं होतं, तरी मला मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

"वाघ होता?"
हो म्हणून मान हलवली.
"किती लांब?"
खाटेपासून चुलीपर्यंत हात दाखवला.

मला रागच आला. "मंग हाक काऊन नाई मारली जी मले?"

यांनी तोंड उघडलं. जबडा हलत राहिला, आवाज नाही. मला वाटलं, लकव्यामुळेच.

मग म्हणाले,
"तवा बी... असंच."

धडधाकट माणूस होता तेव्हा. तरी त्या वेळी तोंडातून माझं नाव निघालं नव्हतं.

आम्ही दोघंही बराच वेळ रडलो.

मी डोळे पुसून विचारलं, "वाघ कुठी काढू?"

"नाई. वाघ नाई. तू." आणि मग, "लय... लय..."

पुढचा शब्द येईना. मी एकेक देऊन पाहिला.
"भेव?"
"हो. पन नाई."
"सुंदर?"
"हो. पन नाई."

माझ्याकडचे सगळे शब्द संपले. मग मी बोलणं सोडलं आणि जमलं तसं काढलं. माझीच पाठ, यांच्या डोळ्यांनी पाहिलेली. रेघा वाकड्या आल्या.

यांनी खूप वेळ पाहिलं.
"थोडंसं," म्हणाले. "थोडंसं आलं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत गेले.

वर्षभर तो पडदा गुंडाळून ठेवला होता. मला एकटीला उघडायची भीती वाटायची. आज वर्षश्राद्धाला नणंदबाई आल्या, म्हणून अंगणात टांगला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्या जवळ गेल्या. पाहत राहिल्या. मग दोन पावलं मागे आल्या आणि माझा हात धरला.

"वैनी, या बाईच्या मांगं कोन आहे वं?"

तिथं मी नुसती झाडं काढली आहेत.

पोचलं जी तुमचं सांगणं.
आता निवांत राहा.

भरल्या मनानं नमस्कार.
– तुमची वनिता