कंसातली सावर

एकमतावर माझ्या मावशीच्या यजमानांइतका गाढ विश्वास असलेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर दुसरा नसेल. काकांची उभी नोकरी दिल्लीत, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय करारांवर घासाघीस करण्यात गेली. तिथली रीत अशी, की ज्या शब्दावर एखादाही देश अडून बसेल तो चौकोनी कंसात टाकायचा आणि सगळे राजी झाल्याशिवाय कंस काढायचा नाही. काकांनी ती रीत थेट घरात आणली. वांग्याचं भरीत कंसात, पडद्यांचा रंग कंसात, माझ्या लग्नात तर पत्रिका छापायला जाईपर्यंत मुहूर्तसुद्धा कंसात! मावशी म्हणायची, “अरे, जगातल्या क्रौंचांचं, कासवांचं सगळं मार्गी लावलं यांनी. आमच्या गॅलरीतला गळका नळ तेवढा राहिलाय.”

पुढे मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीने पार्किंगसाठी फाटकाजवळची सावर तोडायचं काढलं. त्या सावरीवर हिवाळ्यात थेट सैबेरियाकडून घारी येतात. काकांनी मतदान होऊच दिलं नाही. “मतदानात कुणीतरी हरतो, आणि हरलेला माणूस कुऱ्हाड घेऊन परत येतो!” सेक्रेटरी वैतागले, “भाईसाहब, चील तो मामूली चीज़ है.” काका शांतपणे म्हणाले, “गिद्ध भी मामूली थे. अब दिखाइए एक.” दिल्लीच्या आभाळातून गिधाडं जवळजवळ नाहीशीच झाली होती. शेवटी चहा संपला, जांभया सुरू झाल्या आणि ठराव एकमताने झाला: हिवाळ्यात सावरीवर घारी येताहेत तोवर झाडाला हात लावायचा नाही. रोज सकाळी पाहून सांगायची जबाबदारी अर्थातच काकांची.

तेव्हापासून मावशीचं पुणं कंसात गेलं. पुण्यातली लेक बोलावून थकली, मावशीचा जीव तिकडे लागलेला, पण काका म्हणत, “मी गेलो की झाड गेलं, बिल्कुल!”

यंदा थंडीत गेलो तर काचबिंदूने त्यांची नजर पार अधू झालेली. मावशी गॅलरीत मटार सोलत होती. काकांनी विचारलं, “अगं, बसलीय का?”

सावर रिकामी होती. मावशीने झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “बसलीय की. दोन आहेत.”

काका कठड्यावरून वाकून खाली ओरडले, “दो हैं, भाईसाहब!”

खाली सेक्रेटरी गाडी कुठे लावावी या विवंचनेत उभे. त्यांनी मान वर करून त्या उघड्या फांद्यांकडे बराच वेळ पाहिलं. “हाँ जी,” ते म्हणाले, “दिख रही हैं.”

“झालं ना एकमत?” काकांनी माझ्या दिशेला वळून विचारलं.

“झालं, काका,” मी म्हटलं.